नदीकाठचा मासा आणि चिंचेचा हिशेब



डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या शाळेची इयत्ता आठवी-नववीची सहल महेश्वरला गेली होती. किल्ला, अहिल्यादेवींचा राजवाडा आणि हातमागावर विणली जाणारी महेश्वरी साडी, हे सर्व पाहून झाल्यावर दुपारचे जेवण सहस्रधारेच्या खालच्या अंगाला, घाट आणि वस्तीपासून दूर नदीकाठी झाले. तिथे आमच्या नावेच्या कहारकाकांनी जाळे टाकून मासे धरले आणि पळसाच्या पानांत गुंडाळून तिथल्या तिथे भाजले. ज्या मुलांच्या घरी मासे चालतात, अशा नऊ मुलांनी ते खाल्ले. उरलेल्यांनी पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली, पण बसली मात्र सगळी त्या विस्तवाभोवतीच!

सहल परतल्यावर आमच्याकडे तीन पालकांची पत्रे आली. नर्मदामैयाच्या काठी मासे मारून खाणे शाळेला शोभते काय, असा दोन पत्रांचा सूर होता. तिसऱ्या पत्रात एका आईने विचारले होते की, मुलगा घरी येऊन "आपण घरी आणतो त्या माशाला चिंच का लागत नाही?" असे विचारतो आहे, त्याला काय सांगू? विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनीही खुलासा मागितला. आमची चूक प्रथम कबूल करतो. सहलीच्या संमतीपत्रात या जेवणाचा उल्लेख असायला हवा होता, तो नव्हता. बाकीचे सविस्तर लिहीत आहोत, कारण त्या दोन तासांत मुले जे शिकली ते पाठ्यपुस्तकात एका ठिकाणी सापडत नाही.

आधी मासे धरण्याविषयी. कहारकाकांकडे होते ते फेकजाळे, इकडच्या बोलीत भँवरजाल. पसरले की ते गोल होते आणि काठावर ओळीने शिशाचे मणी असतात. मधला दोर मनगटाला बांधायचा, जाळ्याचा एक भाग कोपरावर घ्यायचा, एक कडा चक्क दातात धरायची आणि अंगाला गिरकी देऊन भिरकावायचे. हवेत ते छत्रीसारखे उघडते, पाण्यावर सपाट पडते, आणि शिशाच्या वजनाने काठ आधी बुडून घुमटासारखे खाली जाते. मग दोर हळूहळू ओढला की मणी एकत्र येतात आणि आतला मासा कोंडला जातो. हे वाचायला सोपे आहे. आमच्या क्रीडाशिक्षकांनी कोरड्या वाळूवर तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा जाळे त्यांच्याच पायात पडले.

जाळे टाकण्यापूर्वी काकांनी मुलांना बजावले होते की बोलायचे तेवढे बोला, पण नावेच्या फळीवर पाय आपटू नका. मुलांना हे उलटे वाटले. कारण असे की हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, तो पृष्ठभागावरूनच परततो. फळीवरचा धक्का मात्र लाकडातून थेट पाण्यात जातो. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. ती नुसती नक्षी नाही, पाण्याची हालचाल ओळखणारे ते इंद्रिय आहे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो तेव्हा मासा या रेघेवर जगतो. नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला आम्ही हेच फळ्यावर आकृती काढून सांगतो, पण ज्या मुलाच्या एका पायाच्या थापेने अख्खा थवा पांगला, त्याला ते आता जन्मभर विसरता येणार नाही.

पाचव्या-सहाव्या फेकीत मिळून चार मध्यम रोहू, मूठभर चिलवा आणि एक हातभर लांबीचा वेगळाच मासा आला. मोठे, तांबूस सोनेरी झाक असलेले खवले, जाड ओठ, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या. काकांनी तो हातात फार वेळ ठेवलाच नाही. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरला, त्याचे कल्ले चालू झाले तसा सोडून दिला. हा बाडस, म्हणजे महाशीर. मध्यप्रदेशाने २०११ साली याला राज्यमासा घोषित केले. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

इथे नावांविषयी थोडे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे नदीतल्या माशांची जी नावे आम्हाला येतात ती सगळी हिंदी किंवा निमाडी. पढीन म्हटले की चित्र डोळ्यांसमोर येते, पण मराठीत त्याला शिवडा म्हणतात हे आम्हाला चाळिशीनंतर कळले. बाम म्हणजे मराठीतली वाम, टेंगर-सिंघाड म्हणजे शिंगाळा. आपल्या मुलांना पापलेट आणि सुरमई ही नावे पाठ आहेत, कारण ती आजोळाहून येतात. नव्वद-शंभर किलोमीटरवर वाहणाऱ्या नदीतला मासा मात्र त्यांना मराठीत हाक मारता येत नाही. दख्खनमधल्या महाशीराच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द आहे. इंग्रज अधिकारी सायक्स याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशाचे वर्णन करताना तो तिथल्या लोकांच्या बोलीतून उचलला. म्हणजे आपल्या भाषेतले नाव जगभरच्या शास्त्रज्ञांना माहीत आहे, आपल्या घरात ते राहिलेले नाही. कोणा आजी-आजोबांना गोड्या पाण्यातल्या माशांची जुनी मराठी नावे ठाऊक असतील तर कार्यालयात कळवावीत, पुढच्या अंकात छापू.

आता स्वयंपाक. घरून आणलेले होते फक्त मीठ, हळद आणि लसूण. बाकी सारे तिथले. मिरच्या शेजारच्या मळ्यातून मागून आणल्या. निमाड हा मिरचीचाच मुलुख, बेडियाची मिरची मंडी दूरवर प्रसिद्ध आहे, तेव्हा मूठभर मिरच्यांचे पैसे कोणी घेईना. चिंच काठावरच्या झाडाची, अजून हिरवी, करकरीत. बांधावर अंबाडी होती, तिचा पाला घेतला. मुलांनी हरभऱ्याच्या शेतात हात घातला आणि बोटे चाटून आंबट लागते म्हणून ओरडू लागली. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर जी आंब धरते तीच ती. पूर्वी पहाटे दवात फडके फिरवून ती गोळा करीत आणि आंबटपणासाठी वापरीत. पळसाची पाने मोठी आणि निबर पाहून घेतली. हेही ऋतूवर आहे, फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसते, म्हणून हा प्रकार हिवाळ्याच्या पूर्वार्धातला.

रानातले काहीही तोडून पातेल्यात घालायचे नाही, हे काकांनी एका प्रसंगाने शिकवले. एका मुलीला वाळूच्या वर कांद्यासारखा मोठा कंद दिसला आणि ती आनंदाने उपटून घेऊन आली. तो कोळकांदा होता. दिसायला हुबेहूब कांदा, पण त्याच्यातील द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. काकांनी तो लांब फेकून तिला दोनदा हात धुवायला लावले. मासा खोवायला काटकी हवी म्हणून कण्हेरीची सरळ फांदीही कोणी तोडू नये, ती विषारी आहे. सरपणात रुई, शेर, कण्हेर चालत नाही. बाभळीचा विस्तव चांगला, निखारा जड पडतो आणि टिकतो.

चुलीचे दगड काकांनी पाण्यातून न घेता काठाच्या बरेच वर, उन्हात तापणाऱ्या भागातून आणले. का? नदीतला दगड वर्षानुवर्षे पाणी पिऊन बसलेला असतो. बारीक भेगांतले ते पाणी आगीत वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि दगड फटाक्यासारखा फुटतो. डोळ्याला कपची लागून दुखापत होऊ शकते. सहलीला किंवा शेतावर चूल मांडणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

मासा साफ करताना सर्वांत जपून काढायची वस्तू म्हणजे पित्ताची पिशवी. यकृताला चिकटलेली, हिरवट. फुटली तर मासा कडू होतो, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण गोष्ट तिथे थांबत नाही. रोहू आणि त्याच्या जातीतल्या माशांचे पित्त औषध म्हणून कच्चे गिळण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, आणि त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. मधुमेहाला चांगले, दम्याला चांगले असे कोणी सांगितले तर कृपया ऐकू नये.

साफ केलेल्या माशाला दोन्ही बाजूंनी चिरा पाडल्या. मीठ, हळद आणि दगडावर ठेचलेली लसूण-मिरची चोळली. पोटात चिंचेचा ठेचा आणि अंबाडीचा पाला भरला. पळसाची चार-पाच पाने एकावर एक ठेवून पुडी बांधली, बांधायला पळसाच्याच मुळीचा वाख. पुडी ज्वाळेवर न धरता निखारे बाजूला सारून राखेवर ठेवली आणि वर निखारे ओढले. साधारण पाव किलोच्या माशाला वीस-पंचवीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून. यामागचे तत्त्व सातवीच्या मुलालाही कळेल. पानात आणि माशात जोवर पाणी आहे तोवर आतले तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून बाहेरचे पान जळून कोळसा झाले तरी आतला मासा वाफेवर शिजतो. झाबुआ-अलीराजपूरकडचे भिल्ल बांधव मक्याचे पानिये याच तत्त्वावर पानांत भाजतात. शिजला की नाही हे कण्याजवळ पाहायचे. तिथले मांस काचेसारखे दिसणे थांबून पांढरे झाले आणि काट्यापासून सहज सुटले की झाले. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, त्यामुळे अर्धकच्चा मासा मुळीच नको. आणि रोहूच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात. आमच्या बाईंनी प्रत्येक मुलाच्या पानातला घास स्वतः कुस्करून दिला.

एका मुलाने विचारले, "गोड्या पाण्यातला मासा गोड लागतो का?" सगळे हसले, पण काका हसले नाहीत. ते म्हणाले, वाहत्या पाण्यातला गोडच लागतो, थांबलेल्या पाण्यातला मातकट लागतो. आमच्या आजोबांच्या वेळी चिंच चवीपुरती घालायचे. आता माझे सोयरे बडवानीकडे धरणाच्या पाण्यात मासे धरतात, ते दुप्पट चिंच घालतात, वास मारायला.

तिसऱ्या पत्रातल्या आईला आमचे उत्तर इथे आहे. शांत, उथळ, कोमट पाण्यात काही सूक्ष्म जीव वाढतात आणि ते जिऑस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसात जमिनीचा जो वास आपल्याला इतका आवडतो तो मुख्यतः याच द्रव्याचा! तेच कल्ल्यांतून आणि कातडीतून माशाच्या चरबीत उतरते आणि मग जिभेला चिखल लागतो. आंबट पदार्थांत ते द्रव्य मोडते, म्हणून चिंच. समुद्रातल्या पापलेटला हा वास नसतो, त्यामुळे आपल्या घरी कोकम किंवा चिंच निव्वळ चवीसाठी पडते. कहारकाकांना जिऑस्मिन हा शब्द माहीत नाही. पण किती चिंच लागते यावरून नदी वाहते आहे की थांबली आहे, हे त्यांना कळते.

आणि नर्मदा बऱ्याच ठिकाणी थांबली आहे. १३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीचा १०७७ किलोमीटरचा प्रवास मध्यप्रदेशातून होतो. त्यावर बरगीचे धरण १९९० साली पूर्ण झाले, इंदिरा सागर २००५ च्या सुमारास आणि ओंकारेश्वर २००७ मध्ये. खाली गुजरातेतले सरदार सरोवर २०१७ साली १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीचे झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच काठोकाठ भरले, तेव्हा बडवानीचा राजघाट पाण्याखाली गेला. धरणांनी वीज दिली. इंदूरच्या नळाला येणारे पाणीही नर्मदेचेच आहे. ते पाणी पिऊन धरणांविरुद्ध लिहिणे आम्हाला जमणार नाही. पण बाडसाचे काय झाले ते सांगितलेच पाहिजे.

बाडसाला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खाली स्वच्छ गोटे लागतात. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि गोट्यांच्या फटीत अंडी घालतो. वाटेत भिंत आली तर चढणे खुंटते. पाणी थांबले तर गोट्यांवर गाळ बसतो आणि अंडी गुदमरतात. वाळू-रेती उपसली तर फटीच राहत नाहीत. शेवाळ, शिंपले, किडे यांवर तो जगतो, आणि काठावरच्या उंबर-जांभळाची फळे पाण्यात पडली की तीही खातो. म्हणजे काठावरचे झाड तोडले तरी त्याच्या ताटातला घास जातो. एके काळी निमाडात मासेमाऱ्यांच्या जाळ्यात हा नेहमीचा मासा होता. आमच्या मुलांनी पाहिला तो, काका म्हणाले, त्या हंगामातला त्यांचा दुसरा. बडवाहच्या वनविभागाने त्याच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग केले आहेत. तिकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराची पिल्ले वाढवून देशभर दिली. पण पिल्लू सोडायलाही वाहते पाणी हवेच.

आता नर्मदामैयाच्या पत्रांकडे वळतो. घाटावर मासे धरायचे नाहीत, ही शिस्त कहारमंडळी स्वतः आपल्याहून कडक पाळतात. घाटाखालच्या माशांना यात्रेकरू कणकेच्या गोळ्या घालतात, त्यांना जाळे लागत नाही. देहू-आळंदीला इंद्रायणीत आणि वाड्याजवळच्या तिळसेश्वराला वैतरणेत हीच रीत आहे, आणि तिळशाच्या डोहात त्यामुळेच महाशीर टिकून राहिले. देवळापाशी अभय आणि पुढे उपजीविका, अशी ही जुनी वाटणी आहे. ज्यांच्या घरी मासा चालत नाही त्यांच्याविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, आम्ही स्वतः त्या दिवशी बटाट्याची भाजीच खाल्ली. परंतु नदीची आरती करणारा आणि नदीवर पोट भरणारा, दोघेही तिला मैयाच म्हणतात, हे मुलांनी पाहिले त्यात आम्हाला गैर वाटत नाही.

नदीचे खरे पाप वेगळे आहे. पूर्वी गेळफळ, हिंगणबेट यांसारखी फळे ठेचून डबक्यात टाकीत, मासे गुंगून वर येत. (हिंगणबेट म्हणजे आपला हिंगोट, गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ज्यात दारू भरून युद्ध खेळतात तोच!) डबक्यापुरते ते चाले, तरी चांगले नव्हतेच. आता कोणी ब्लीचिंग पावडर ओततो, कोणी सुरुंग लावतो, कोणी विजेची तार सोडतो. त्यात लहानमोठा असा भेद न राहता सगळाच डोह मरतो. विष आणि स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नदीशी संबंध नसलेले छोटे तलाव यातून वगळलेले आहेत. त्या दोन महिन्यांत बाजारात नदीचा मासा म्हणून काही मिळत असेल तर तो घेऊ नये, ही पालकांना विनंती.

शेवटी एक सूचना, ही सर्वांत महत्त्वाची. धरणाच्या खालच्या नदीला पावसाची गरज नसते, भर उन्हाळ्यात निरभ्र आकाशाखाली ती चढू शकते. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यात धाराजीला यात्रेकरू काठावर झोपलेले असताना वरून सोडलेले पाणी आले आणि ६० हून अधिक माणसे वाहून गेली. आम्ही जेवणाची जागा निवडली ती काकांच्या सांगण्यावरून, पाण्यापासून उंच, मागे चढायला वाट असलेली. नावेत प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट होते. आपण कुटुंबासह गेलात तर सायरन ऐकू येताच भांडीकुंडी तिथेच टाकून वर चढावे, आणि नदीच्या मधल्या खडकावर चूल कधीही मांडू नये.

यापुढील सहलीच्या संमतीपत्रात जेवणाचा स्वतंत्र रकाना राहील. 'शाकाहारी', 'मासे चालतील' आणि 'मासे चालत नाहीत, पण पाहायला हरकत नाही' असे तीन पर्याय असतील. तिसरा पर्याय पत्र लिहिणाऱ्या पालकांपैकीच एकांनी सुचवला. पत्रे वर्गशिक्षकांकडे २० तारखेपर्यंत द्यावीत.